रस्त्यावरची गाडी, शर्यतीतला माणूस

घोटीच्या टोलनाक्यावर सकाळची रांग लागली की तिच्यात एखादी पांढरी टोयोटा इटिऑस हमखास दिसते. टपावर कॅरियर, मागच्या काचेवर साईबाबांचं स्टिकर, आत मुंबईहून शिर्डीला निघालेलं कुटुंब. कसाऱ्याचा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून ती घोटीत येते आणि सिन्नरच्या रस्त्याला लागते. 2010 च्या डिसेंबरात ही गाडी बाजारात आली आणि 2020 मध्ये बंद झाली. डिकी मोठी, इंजिन दणकट, देखभालीचा खर्च बेताचा, म्हणून टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. दिसण्यासाठी तिचं कौतुक फारसं कुणी केलं नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर याच इटिऑसपासून बनवलेल्या शर्यतीच्या गाडीत बसून पुण्याची डायना पुंडोले राष्ट्रीय विजेती झाली. स्पर्धा होती एमआरएफ सलून गटाची. कार शर्यतीतलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या शर्यतीत महिलांचा वेगळा गट नव्हता, वेगळी सवलतही नव्हती. पुरुषांच्या बरोबरीनं, त्याच बनावटीच्या गाडीत, त्याच टायरवर ती शर्यत झाली.

शर्यतीच्या इटिऑसमध्ये डोकावलं तर ओळखीचं फार थोडं उरलेलं असतं. मागची सीट नाही, गालिचा नाही, एसी नाही, दरवाजांच्या आतलं अस्तर नाही. उघड्या पत्र्याला पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केलेला. गाडी उलटून चार कोलांट्या खाल्ल्या तरी छत डोक्यावर येऊ नये, एवढंच त्याचं काम. एकच खोल सीट, तिच्यात माणूस आवळून बसवणारे पट्टे, हाताशी आग विझवायचं यंत्र. टायर गुळगुळीत, नक्षी नसलेले. कारण कोरड्या डांबरावर रबर जितकं जास्त टेकेल तितकी पकड जास्त. त्यात चेन्नईचा ऑगस्ट. अंगात न पेटणाऱ्या कापडाचा जाड पोशाख, हातमोजे, डोक्यावर हेल्मेट, आणि खिडकीतून येणारा वाराही गरम. अशा भट्टीत वळणावर वळण घेताना ब्रेक कुठे दाबायचा, हे दर फेरीला त्याच जागी ठरवावं लागतं. हातभर उशीर झाला की मागचा आत घुसलाच.

डायना शिक्षिका होती. दोन मुलांची आई आहे. गाड्यांचं वेड वडिलांकडून आलं, असं तिनं सांगितलेलं आहे. महिला चालकांना हेरून तयार करण्याच्या एका उपक्रमातून 2018 च्या सुमारास ती या खेळात आली. मोटारस्पोर्टमधली बहुतेक नावं वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी गो-कार्टमध्ये बसलेली असतात. घरात पैसा असतो, नाही तर बाप स्वतः चालक असतो. संसार आणि नोकरी सांभाळत, मोठेपणी हेल्मेट चढवून राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत जाणं ही निराळी गोष्ट आहे. तिची बातमी वर्तमानपत्रांत आली, पहिली महिला म्हणून फोटो छापले गेले. तिनं कोणती गाडी चालवली, हे मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. खरं तर त्या यशाचा अर्धा अर्थ त्या गाडीत आहे.

रस्त्यावरची गाडी शर्यतीत उतरवायची, ही कल्पना अमेरिकेच्या दक्षिणेत रुजली. तिथे तिला स्टॉक कार रेसिंग म्हणतात. दारूबंदीच्या काळात आणि त्यानंतरही कर चुकवून गाळलेली दारू कॅरोलिना, व्हर्जिनिया, जॉर्जियाच्या डोंगरांतून रात्री शहरांत पोचवली जाई. पोलिसांना गुंगारा द्यायचा तर गाडी दिसायला साधी हवी आणि पळायला तेज. पोरं इंजिन घरीच उघडायची, मागच्या स्प्रिंगा कडक करायची, म्हणजे मालाच्या वजनानं गाडी बसत नाही आणि वळणावर झुकतही नाही. रविवारी हीच पोरं मातीच्या रिंगणात एकमेकांशी भिडायची. 1948 मध्ये बिल फ्रान्स यांनी या सगळ्याला एका संघटनेखाली आणलं. तीच नॅसकार.

19 जून 1949 रोजी शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर नॅसकारनं ज्या गटाची पहिली शर्यत भरवली, त्याचा नियम सोपा होता. शोरूममधून निघालेली गाडी, काहीही फेरफार न करता. ग्लेन डनवे नावाचा चालक फोर्ड घेऊन पहिला आला. तपासणीत त्याच्या मागच्या स्प्रिंगा दारूवाहतुकीच्या पद्धतीनं ताठ केलेल्या निघाल्या आणि बक्षीस गेलं कॅन्ससहून आलेल्या जिम रोपरच्या लिंकनला. म्हणजे या खेळाच्या पहिल्याच दिवशी निकाल ट्रॅकवर लागला नाही, तो गाडीखाली वाकून पाहणाऱ्या माणसानं लावला. त्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन नावाची जॉर्जियाची बाई उतरली होती. तिचा चौदावा क्रमांक आला. त्याच वर्षी पिट्सबर्गजवळ तिनं पाचवा क्रमांक मिळवला. त्यानंतर पंचाहत्तर वर्षांनी चेन्नईत डायनानं जे केलं, त्याचं मूळ शोधायचं तर ते या बाईपाशी जातं. दोघींच्या गाड्या लोकांच्या रोजच्या वापरातल्या होत्या.

घोटीला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. हे गावच रस्त्यावर वसलेलं आहे. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागून जातो. इथून एक रस्ता सिन्नरला, एक भंडारदऱ्याकडे, एक वैतरणेकडे. भातगिरण्यांमधून तांदळाची पोती भरून ट्रक आणि पिकअप बाहेर पडतात. पावसाळ्यात इगतपुरी तालुक्यात पाऊस असा कोसळतो की वायपर फास्टवर टाकूनही पुढचं दिसत नाही. अशा वेळी कसाऱ्याच्या उतारावर भरलेला ट्रक सेकंड गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर धरून उतरवणं, ब्रेक गरम होऊ न देणं, धुक्यात पुढच्या गाडीच्या दिव्यावरून अंतर ओळखणं, हे इथल्या ड्रायव्हरांना कुणी शाळेत शिकवलेलं नसतं. किन्नर म्हणून बसलेलं पोर बघून बघून शिकतं. आणि रस्त्याकडेच्या गॅरेजमधला फिटर बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून सांगतो की टॅपेट वाजतंय की बेअरिंग गेलंय. शर्यतीच्या पिटमध्ये याच कानाला मोल असतं.

घाटातला ड्रायव्हर आणि ट्रॅकवरचा चालक यांचं कसब सारखं नाही, हे मान्यच. घाटात गाडी वाचवायची असते, ट्रॅकवर ती पकड सुटायच्या अगदी कडेवर ठेवायची असते. पण दोघंही गाडीशी सीटमधून, पायातून, हातातल्या स्टेअरिंगच्या थरथरीतून बोलतात. हे बोलणं ज्याला कळतं, त्याला पुढचं शिकवता येतं. ज्याला कळत नाही, त्याला कितीही महागडी गाडी द्या, तो वळणावर घसरणारच.

अमेरिकेतल्या या खेळाचे मोठे चालक अशाच घरांतून आले. राल्फ अर्नहार्ट हा उत्तर कॅरोलिनातल्या कनापोलिसचा गिरणीकामगार. कापडगिरणीतली नोकरी सोडून त्यानं शर्यतीवर घर चालवलं. 1973 मध्ये घरीच गाडीवर काम करताना हृदयविकारानं तो गेला. त्याचा मुलगा डेल यानं नववीतच शाळा सोडली होती. बापानं हजार वेळा सांगितलं असेल, शीक म्हणून. पोरानं ऐकलं नाही आणि सात वेळा तो नॅसकारचा अजिंक्यवीर झाला. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या कुणालाही हे घर ओळखता येईल.

डेल अर्नहार्टचा शेवट मात्र या खेळाचं दुसरं तोंड दाखवतो. 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली. टीव्हीवर पाहणाऱ्यांना धक्का फार मोठा वाटला नव्हता. पण हेल्मेटसकट डोकं पुढे फेकलं गेलं. कवटीच्या तळाला झालेल्या फ्रॅक्चरनं तो गेला. आधीच्या वर्षभरात नॅसकारचे तीन तरुण चालक भिंतीवर आदळून असेच गेले होते. डोकं आणि मान खांद्यांना बांधून ठेवणारं साधन तेव्हा बाजारात होतं, पण अडचण होते म्हणून अनेक जण ते वापरत नसत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॅसकारनं ते सक्तीचं केलं. आज जगातल्या कुठल्याही गंभीर शर्यतीत चालकाच्या मानेमागे ती कॉलर दिसते. चार चालकांच्या जिवानंतर आलेला हा नियम आहे, आणि वेगाची चटक लागलेल्या प्रत्येक पोराला गिअर शिकवायच्या आधी हा इतिहास सांगितला पाहिजे.

आणि वेंडेल स्कॉट. या खेळातला एकच माणूस निवडायचा झाला तर त्याचंच नाव घ्यावं असं वाटतं. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा हा कृष्णवर्णीय चालक आधी टॅक्सी चालवायचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मेकॅनिक होता, परतल्यावर गॅरेज टाकलं, रात्री दारूही वाहिली. वर्णभेदाच्या त्या काळात पुरस्कर्ते त्याच्या वाऱ्याला उभे राहत नसत. मग जुन्या गाड्या घ्यायच्या, स्वतःच दुरुस्त करायच्या, मुलांना पिटमध्ये हाताशी घ्यायचं आणि शर्यतीला निघायचं. 1 डिसेंबर 1963 ला जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर त्यानं बाकीच्यांना दोन फेऱ्या मागे टाकलं. तरी विजेता म्हणून बक बेकर या गोऱ्या चालकाचं नाव पुकारलं गेलं. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, मोजणीत चूक झाली असं सांगून विजय स्कॉटच्या नावावर केला. पैसे मिळाले, करंडक मिळाला नाही. 1973 मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवरच्या मोठ्या अपघातानं त्याची कारकीर्द जवळपास संपली. 1990 मध्ये तो वारला. 2021 च्या ऑगस्टमध्ये, त्या विजयानंतर जवळपास 58 वर्षांनी, डेटोनाच्या ट्रॅकवर त्याच्या कुटुंबाच्या हातात अधिकृत करंडक ठेवला गेला. हाताला ग्रीस लागलेल्या माणसाकडे कसब असलं तरी दार उघडायला किती वर्षं लागतात, हे त्या 58 वर्षांत दिसतं.

या खेळात भारतीय एकदा डोकावून आला आहे. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक, कोईमतूरचा नारायण कार्तिकेयन, 2010 मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला. मार्टिन्सव्हिल हा नॅसकारचा जुना ट्रॅक, एक फेरी जेमतेम साडेआठशे मीटरची. दोन सरळ पट्ट्या आणि दोन आवळलेली वळणं. तिथे पिकअप ट्रक घेऊन पहिल्याच शर्यतीत तो तेरावा आला. फॉर्म्युला वनमध्ये दुसऱ्याच्या चाकाला चाक लागलं तर गाडी मोडते. इथे बंपरला बंपर घासून जागा काढायची असते. एका हंगामात थोड्या शर्यती करून तो परतला, पण त्या वर्षीचा लोकप्रिय चालकाचा किताब चाहत्यांच्या मतांवर त्यालाच मिळाला. घोटीच्या बाजारात माल उतरवणाऱ्या एखाद्या पिकअपवाल्याला ही हकीकत सांगून बघावी. पिकअपची शर्यत होते आणि ती बघायला हजारो लोक येतात, हे ऐकून त्याचे डोळे चमकल्याशिवाय राहणार नाहीत.

महाराष्ट्रातही ही माणसं आहेत. पुण्याचा संजय टकले मोटारसायकलवरच्या मोटोक्रॉसपासून सुरुवात करून कार रॅलीत आला. मलेशिया, थायलंडच्या चिखलातून त्यानं वर्षानुवर्षं गाडी काढली आणि 2025 च्या जानेवारीत, पन्नाशी कधीच ओलांडलेली असताना, सौदी अरेबियात डकार रॅलीच्या क्लासिक गटात जुनी टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरला आणि ती पूर्ण करून आला. दोन आठवडे वाळू, दगड, रोजचे शेकडो किलोमीटर, रात्री तंबूत दोन-चार तास झोप आणि पहाटे परत पट्टे आवळायचे. कोल्हापूरच्या मातीतून ध्रुव मोहिते आला. तो फोक्सवॅगनच्या एकाच बनावटीच्या गाड्यांच्या शर्यतीत गाजला. त्या गाड्या तर आपल्या चाकणच्याच कारखान्यातल्या. नाशिकनं राष्ट्रीय मालिकेतली रॅली ऑफ महाराष्ट्र पाहिलेली आहे. शेताडीच्या कच्च्या रस्त्यांवर धुरळा उडवत जाणाऱ्या त्या गाड्या बघायला पोरं बांधावर उभी राहायची.

मग अडतं कुठे? पैशात तर अडतंच. टायरचे संच, प्रवेश फी, गाडीची वाहतूक, मेकॅनिकचा मुक्काम, एका धडकेनंतरची दुरुस्ती, सगळं चालकाच्या नाही तर त्याच्या पुरस्कर्त्याच्या खिशातून. क्रिकेटच्या बॅटीवर नाव टाकायला रांग लागते. गाडीच्या दारावर नाव टाकायला माणूस शोधत फिरावं लागतं. या देशात शर्यतीच्या चालकाची निम्मी कारकीर्द हेल्मेटमध्ये जाते आणि निम्मी कंपन्यांच्या कचेऱ्यांबाहेर. पण पैशाहूनही मोठी अडचण जागेची आहे.

नाशिकच्या महिंद्राच्या कारखान्यात गाड्या तयार होतात. त्याच कंपनीचा इंजिनांचा कारखाना घोटीपासून हाकेच्या अंतरावर इगतपुरीत आहे. चाकण, पिंपरी, रांजणगाव तर देशाच्या वाहन उद्योगाचा कणा. एवढी इंजिनं घडवणाऱ्या या राज्यात कारची राष्ट्रीय मालिका भरवणारा डांबरी ट्रॅक नाही. पुण्याच्या मुलीला विजेती व्हायला चेन्नई गाठावं लागतं. कोल्हापूरच्या मुलाला कोईमतूर. सराव करायचा तरी तिथेच. दर वेळी प्रवास आणि मुक्काम आला. वशिला किंवा श्रीमंती नसलेल्या मुलाचा रस्ता तिथेच बंद होतो.

चेन्नईचा ट्रॅक सरकारनं आयता दिला नव्हता. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 चा. या मंडळींनी शोलावरम इथल्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या. पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी वळणं आखली आणि मग श्रीपेरुंबुदूरजवळ जागा घेऊन ट्रॅक बांधला. 1990 मध्ये तो सुरू झाला. फेरी सुमारे पावणेचार किलोमीटरची. कोईमतूरचा कारी स्पीडवे तर 2.1 किलोमीटरचाच. एस. करिवर्धन या वेड्या माणसाचं नाव त्याला दिलं आहे. स्वस्तातल्या शर्यतीच्या गाड्या स्वतः बनवून त्यानं गावातल्या पोरांना चालक केलं. अशा दोन-चार जिद्दी माणसांमुळे तमिळनाडू या खेळाचं माहेर झालं.

इकडे नाशिक जिल्ह्यात वेगाला वाट मिळाली ती भलत्याच ठिकाणी. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला. घोटीजवळचं भरवीर, इगतपुरीपुढचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा, सरळसोट सिमेंटचा रस्ता आणि 120 ची मर्यादा. रात्री ती मर्यादा मोडून गाड्या पळवणारी पोरं आहेत, मोबाइलवर त्याचं चित्रण करणारीही आहेत. त्यांच्याकडे ना पिंजरा, ना मानेची कॉलर, ना वळणाबाहेर गाडी थांबवणारी वाळू. समोर असतो एखादा पंक्चर काढत थांबलेला ट्रक. घाटात किन्नरकी करत शिकलेल्या पिढीला रस्त्याची भीती होती, या पोरांना ती नाही. पोलिसांचे कॅमेरे लागले आहेत, दंड होतो, ते बरंच आहे. पण वेगाची ओढ दंडानं विझत नाही. तिला हक्काची जागा द्यावी लागते, वर तपासनीस उभा करावा लागतो, आणि 1949 सारखं गाडीखाली वाकून बघावं लागतं.

डायना पुंडोले 2025 च्या अखेरीस फेरारी 296 चॅलेंज घेऊन मध्यपूर्वेतल्या ट्रॅकवर उतरली. फेरारीत बसून आंतरराष्ट्रीय मालिकेत उतरणारी ती पहिली भारतीय महिला. इटिऑसमधून फेरारीत जायला तिला दीड वर्षही लागलं नाही, कारण ब्रेक कुठे सोडायचा हे ती आधीच शिकून गेली होती. सिन्नर ते घोटी या पट्ट्यात कोईमतूरएवढा ट्रॅक सहज मावेल. कारखाने शेजारी आहेत, महामार्ग आहे, रेल्वे आहे, पावसात गाडी शिकण्यासाठी इगतपुरीसारखा पाऊस आहे. एखाद्या क्लबनं पुढे व्हावं, कंपन्यांनी जुन्या टॅक्सीच्या गाड्या पिंजरे बसवून द्याव्यात, आणि पहिल्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर घोटीच्या गॅरेजमधल्या पोरांची आणि पोरींची नावं आधी लिहून घ्यावीत.